ओढ्यापलीकडं पळालेली हद्द

मी एक जुनी पाटी हाय. हसू नका मित्रांनो, शाळंतली पाटी न्हवं. मी रस्त्याच्या कडंला उभी असते. माझ्या एका तोंडावर लिव्हलेलं हुतं, 'कासारपूर नगरपालिका, ब वर्ग. सुस्वागतम्.' दुसऱ्या तोंडावर, 'हद्द समाप्त. आभारी आहोत.' अक्षरं शुद्ध हायेत, कारन सोपान पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवून रंगवून शुद्ध झाला हुता. बोलनं मातर माझं जकात नाक्यावरचं. जल्म तिथंच गेला, दुसरं कुठनं शिकनार?

आन एक गोष्ट आदीच सांगून टाकते. मी लय भित्री हाय.

मूळची मी डांबराचं पिंप. कराड-सांगली रस्ता करताना आले, रिकामी झाले आन कडंला पडले. नगरपालिकेच्या लोहारानं मला उभी चिरली, घनानं ठोकून सपाट केली आन दोन लोखंडी पाय जोडले. पोटात डांबर हुतं तवा मला कशाचं भ्या न्हाई वाटलं. सपाट झाले आन भ्या सुरू. तुमीच बगा, ना पोट, ना पाठ, नुसती दोन तोंडं. झोपंत कूस बदलावी म्हनलं तर दुसऱ्या तोंडाचे डोळे उघडेच.

एका तोंडाला शेर दिसायचं. जकात नाका, नळाची तोटी, दिव्याचे खांब. दुसऱ्या तोंडाला ओढा, आन ओढ्यापलीकडं खोकडमाळ. तिथं उसाच्या पाचटाची खोपटी, एक निळा झेंडा, आन दिस मावळला की निस्ता काळोख. शेराचा शेवटचा दिवा माझ्या अलीकडंच संपायचा. त्याचा उजेड माझ्या शेराकडच्या तोंडावर पडायचा आन माझीच सावली पलीकडं लांबलचक व्हायची. त्या सावलीलाच मी किती बारी भ्याले असंल!

नाक्यावर नानासो नाकेदार. वय पन्नाशीकडं झुकलेलं, मिशा पिळलेल्या, पर अंगातला वांडपना शाळकरी पोराचा. कुनी जकात चुकवायला लागला की हा माझ्यामागं दडायचा. एकदा उंब्रजचा एक गडी बैलगाडीत आपल्या बापाला आजारी म्हनून निजवून आला. वर वाकळ, आन म्हाताऱ्याच्या उशाला गुळाची ढेप. दिवेलागनीची येळ. नानासो माझ्यामागनं घोगऱ्या आवाजात वरडला, "कोन हाय रं त्यो? मी हद्दीवरची सटवाई! उशाचं हितंच ठेवून जा!"

मरनाला टेकलेला म्हातारा वाकळ फेकून जो पळाला, तो पार नदीपतोर. ल्योक त्याच्यामागं. सगळा नाका पोट धरून हसला. मी हसले न्हाई. आवाज माझ्याच अंगातनं आला म्हनल्यावर पयली थरथरले ती मीच.

खोकडमाळावरची साळूबाई तेवढी कशाला भ्यायची न्हाई. रोज गवताचा भारा घिऊन यायची, शेळी माझ्या पायाला बांधायची, भारा इकायची, आन जाताना नळावर हंडा भरायची. नळ हद्दीतल्या मानसांसाठी. पर ती हंडा लावायची तवा नानासोला नेमकी मिशी पिळायची आसायची, आन मिशी पिळताना तो तोंड भिताडाकडं करायचा.

एकदा तिला म्हनला, "साळूबाई, शेळी हद्दीत बांधलीस. जकात पडंल बग."

"आवं नाकेदार, शेळीचं तोंड हद्दीत हाय, ढुंगान भायेर. अर्दीच घ्या."

"बरं, मग दूध काडशील तवा बोलाव. त्यो भाग कुठं येतोय ते बगू."

आता एक समजून घ्या मित्रांनो. तुमची जशी शाळंत इयत्ता आसती, तशी सरकार शेरांची लावतंय. लय डोकी ती अ वर्गाची नगरपालिका, मधली ब वर्गाची, थोडकी डोकी ती क वर्गाची. आमी क हुतो. क म्हंजे मुख्याधिकारी साहेब बारका, अनुदान बारकं, आन साताऱ्याच्या मीटिंगीत आमच्या नगराध्यक्षांची खुर्ची दाराजवळ, चपलांच्या बाजूला. ते त्यांना लय लागायचं.

एकाहत्तरची शिरगनती आली, आन एका सकाळी नगरपालिकेचा कोंडीबा मुकादम पहार घिऊन माझ्यापुढं हुबा ऱ्हायला. माझ्या बुडात त्यानं पहार घातली तवा मला वाटलं, संपलं, आता भंगारात. तसं न्हवतं. त्यानं मला खांद्यावर टाकली, ओढा वलांडला, खोकडमाळाच्या पार त्या टोकाला नेली आन तिथं रोवली. डोकी कमी पडत हुती, मित्रांनो. मास्तर पाटीपतोर घरं मोजतील, तर पाटीच पुढं न्यावी, अशी कुनाची तरी डोकॅलिटी.

मास्तर आले. खोपटं खोपटं हिंडले, म्हातारी, पोरं, बाळंतिनी, समद्यांची नावं घिऊन गेले. साळूबाईनं दारात सडा घातला हुता. "आमी शेरात आलो गं," म्हनून लेकीला, अंजनाला, सांगत हुती.

मोजनी सरली आन कोंडीबा परत आला. मला उपटली, परत ओढ्याअलीकडं आनली, जुन्याच खड्ड्यात ठेवली आन वरनं भुसभुशीत मुरूम लोटला. साळूबाई मागनं धावत आली.

"आवं मुकादम, पाटी कुठं चालीवली? मग नळ कवा यायचा?"

कोंडीबा मान वर न करता म्हनला, "आगं, तुमची डोकी घेतलीत. घरं न्हाई घेतली."

पुढं कागद आला, आमी ब वर्गात गेलो. शेरात पेढे वाटले. सोपान पेंटरनं माझ्यावरच्या 'क'वर पांढरा हात मारला आन वर झोकदार 'ब' काडला. नगराध्यक्षांची खुर्ची साताऱ्याला खिडकीजवळ सरकली म्हनं. मी मातर आता ढिली झाले. वारा आला की डुलायची आन नव्यानं भ्यायची, आज पडते का उद्या.

दोन-तीन वर्सं गेली. फागुनातली दुपार. वस्तीवरची तरनी मानसं ऊसतोडीला गेलेली. खोपटात म्हातारीकोतारी, आन अंजना. ती म्हायेरी बाळंतपनाला आली हुती आन नुकती मोकळी झाली हुती. साळूबाई नळावर. पलीकडच्या रानात कुनीतरी पाचट पेटवलं, आन वारं फिरलं.

माझ्या भायेरच्या तोंडाला धूर पयला दिसला. मग जाळ. तो जाळ चालत न्हवता, उड्या मारत हुता. एका खोपटावरनं दुसऱ्यावर, मधी जमीन हायेच न्हाई जनू. मला वरडता येत न्हाई. पत्रा वाऱ्यानं जेवडा वाजतो तेवडी मी वाजले. साळूबाईनं मान वळवली. हंडा हातातनं सुटला.

"अंजेऽऽ! माजी अंजी हाय गं तिथं! अंगात ताप हाय तिच्या, उठवत न्हाई तिला!"

पान्याच्या टाकीवरच्या गड्यानं धूर बगितला हुता. नगरपालिकेचा तांबडा बंब घंटा वाजवीत आला. मला कवा नव्हं ते बरं वाटलं. आन तो बंब करकचून माझ्यापाशी थांबला.

बंबावर लालासाहेब डायव्हर. मिलिटरीत गाडी चालवून आलेला मानूस. तिथं तोफांना भ्याला न्हाई म्हनायचे. पर मागल्या साली हद्दीभायेर ऊस पेटला तवा हा बंब घिऊन गेला, आन इनापरवानगी गेला म्हनून घरी बसवला. महिने न् महिने बायकापोरांनी दुसऱ्याच्या रानात खुरपनी करून दिस काडले. आता तो चाक धरून बसला हुता. माझ्याकडं बगत हुता. 'हद्द समाप्त' वाचत हुता. माझ्याकडं इतक्या भ्यालेल्या नजरंनं आजवर कुनी बगितलं नव्हतं. मी भित्री, आन मलाच कुनीतरी भ्यायलंय!

"लालासाब, हाक की रं!" नानासो वरडला.

"साहेबाची परवानगी आना."

"साहेब मीटिंगीला साताऱ्याला हाय! तिकडं मानसं जळत्यात!"

"नानासो, ह्या बारीला नोकरीच जाईल गड्या. पोरं हायेत मला." त्याच्या डोळ्यांतनं पानी गळत हुतं. "पाटीच्या पुढं चाक जायाचं न्हाई, असं लिव्हून घेतलंय माझ्याकडनं."

साळूबाई बंबाच्या पुढं मातीत बसली आन डोकं आपटायला लागली. पलीकडं आनी एक खोपाट धडधडलं.

नानासोनं मिशीला हात लावला. मला ठावं हुतं, मिशीला हात गेला की ह्याच्या डोक्यात कायतरी वांड शिरतंय. पर त्या दिशी त्याचं तोंड हसत नव्हतं, पांढरं पडलं हुतं.

"पाटीच्या पुढं न्हाई ना जायाचं? नगं जाऊ. साळूबाई, ऊठ! हिचा त्यो पाय धर!"

एक पाय त्यानं धरला, एक साळूबाईनं. कोंडीबाचा मुरूम ढिला हुता. एका हिसक्यात मी भायेर.

"शिरगनतीला पाटी पळती, मग आगीला का न्हाई? लालासाब, आमच्या मागं ऱ्हा! आमच्या पुढं येशील तर सस्पेंड!"

आन मित्रांनो, हद्द पळाली. पुढं मला खांद्यावर घिऊन साळूबाई आन नानासो, मागं घंटा वाजवीत बंब. कोरड्या ओढ्यात उतरलो, दगडधोंड्यातनं चडलो. नानासो ठेचकाळला की लालासाहेब ब्रेक दाबायचा, उठला की परत हाकायचा. जाळाकडं तोंड करून मी चालले हुते, आन मिटायला मला पापनी नव्हती.

साळूबाईच्या खोपटाच्या पाख्याला इस्तू लागला हुता. तिनं माझा पाय सोडला आन आत घुसली. नानासोनं मला ढालीसारकी आडवी धरली, दाराच्या तोंडाशी. सगळी धग माझ्यावर. रंग उकळला, फोड आले, पापुद्रे सुटले. त्याचे हात माझ्या कडंला चिकटून भाजत हुते, तरी त्यानं सोडलं न्हाई. मला वाटलं, वाकावं, पडावं, सुटावं. मी पातळ पत्रा, माझी ताकद ती किती! तेवड्यात मागनं पान्याची धार आली. माझ्या अंगावरनं चर्र करून वाफ उठली. त्या वाफंतनं, माझ्या आडोशानं, साळूबाई अंजनाला वडीत भायेर आली. अंजनाच्या छातीशी गटुळं हुतं. गटुळं हालत नव्हतं.

बंबाचा पंप थांबला न्हाई, पर मला तरी कायबी ऐकू यिना. साळूबाईनं गटुळ्यावर पान्याचा हात फिरीवला. आन मग ते जे किंचाळलं! बंबाची घंटा फिकी पडंल असं किंचाळलं.

"पोरगी हाय," नानासो भाजलेले हात काखंत दाबून म्हनला. "आवाज बग की तिचा. नाक्यावर बसवायला पायजे हिला."

निम्मी खोपटी राख झाली. मानूस एक बी गेलं न्हाई. त्या दिशी वस्तीवरच बांधलेली साळूबाईची शेळी मातर खुट्ट्यालाच गेली. माझ्या पायावर तिच्या दाव्याचा घासलेला वळ अजून हाय.

दुसऱ्या दिशी साहेब आले. मला तिथंच वस्तीच्या टोकाला टेकवून ठेवली हुती. पयला सवाल, "बंब हद्दीच्या बाहेर गेला होता का?"

"न्हाई साहेब," लालासाहेब म्हनला. "पाटीच्या मागंच हुतो. चाकाच्या खुना बगा."

"पाटी कुणी हलवली?"

नानासोनं बांधलेले दोनी हात पुढं केले. "कवा साहेब? यंदा, का शिरगनतीला?"

साहेब नवे हुते, त्यांना उमगंना. कोंडीबाला उमगलं, तो चपलेकडं बगाय लागला. साहेब माझ्याजवळ आले, वाकले. 'ब' जळून गेला हुता, आन त्याच्याखालनं सोपान पेंटरचा जुना 'क' वर आला हुता. साहेबांनी तो बोटानं चोळून बगितला. कोंडीबाला म्हनले, "पाटी जागेवर न्या. आणि या वेळी सिमेंटमध्ये पक्की बसवा."

कोंडीबा पहार घिऊन आला. साळूबाई माझ्या पायाशी बसलेली, मांडीवर नात. उठली न्हाई.

"न्या की मुकादम. पर आदी आमची डोकी परत द्या."

"कसली डोकी?"

"मोजून नेली तुमी. माजं, अंजीचं, वस्तीतल्या समद्यांचं. ती हितं आनून मांडा, आन मग तुमची हद्द उचला."

मागं सगळी वस्ती हुबी, राखंनं काळी तोंडं. कोंडीबानं एकदा त्या तोंडांकडं बगितलं. मग पहार खांद्यावर टाकली आन एकलाच ओढा वलांडून गेला.

तवापास्नं मी हितंच हाय, मुरमात निस्ती खोवलेली. चार-पाच वर्सं झाली आसतील. ओढ्यावरनं दिव्याचा एक खांब अलीकडं आलाय. नळ यायचाय, साळूबाई दर आठवड्याला नगरपालिकेत जाऊन बसती. रंगाचा हात माझ्यावर परत फिरला न्हाई. गंज चडलाय, 'सुस्वागतम्'मधलं निम्मं उडालंय. अंजनाची लेक शेळीचं करडू माझ्याच पायाला बांधती.

भ्या गेलं असं समजू नका. पुढं आनी एक वस्ती झालीया, नवी खोपटी पडलीत. माझं भायेरचं तोंड रातभर तिकडंच बगत असतंय. वारं सुटलं की माझ्या अंगावर काटा येतो.

म्हनून मित्रांनो, तुमी मोठं झालात, साहेब झालात, नगराध्यक्ष झालात, तर एवडं ध्यानात ठेवा. मला रंग न्हाई दिला तरी चालंल. गंजले तरी चालंल. पर माझ्या बुडात सिमेंट वतू नका. कोन कवा तिकडनं वरडत येईल, सांगता येत न्हाई. मी ढिलीच बरी हाय.