कूहबनानींचं वळण

आमच्या इराणमधल्या केरमानात मृत्यूची बातमी एका घासात देत नाहीत. आधी म्हणायचं, काकांना जरा बरं नाही. दुसऱ्या दिवशी, इस्पितळात हलवलंय. तिसऱ्या दिवशी, डॉक्टरांनी हात टेकले. तोवर ऐकणाऱ्याने काळे कपडे बाहेर काढून ठेवलेले असतात, पण तसं कोणी बोलत नाही. हीच रीत मी एका गणिताला लावली. त्याचं ओझं माझ्या मानेवरून अजून उतरलेलं नाही.

उस्ताद कूहबनानी माझे गुरू. त्यांच्याच गणित विभागात मी आता शिकवते. ऐंशी गाठेपर्यंत दोन वर्षांत त्यांच्या दोन्ही डोळ्यांची नजर गेली. तेव्हापासून रोज दुपारी मी त्यांच्या घरी जाऊन वाचून दाखवते. आकृती असेल तर पुठ्ठ्यावर गालिच्याची लोकर चिकटवून नेते आणि ते बोटांनी वाचतात. लोकर त्यांच्या बायकोच्या, माहरोख खानूमच्या पेटीतली.

उस्तादांचा जन्म मॅट्रिक्सच्या एका जातीच्या अभ्यासात गेला. आकड्यांचा मोठा चौकोन, आणि प्रत्येक तिरक्या ओळीत तोच आकडा, फार तर हळूहळू बदलत जाणारा. अशा चौकोनाचे काही खास आकडे असतात, त्यांना आयगेन व्हॅल्यू म्हणतात. पूल किती डोलेल, मोठं गणित सुटेल की फिसकटेल, ते त्यांच्यावरून कळतं. चौकोन वाढवत नेला की हे खास आकडे कागदावर ठिपके होऊन कुठे बसतात, हा उस्तादांचा प्रश्न. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी अनुमान मांडलं: अंड्यासारख्या एका बंद वळणावर. त्याला कूहबनानींचं वळण असं नाव पडलं. सिद्ध मात्र कोणालाच करता आलं नाही. माझ्या दोन विद्यार्थ्यांनी त्यापायी पाच-पाच वर्षं घातली.

ते वळण यंत्रावर, म्हणजे संगणकावर, पहिल्यांदा काढलं ते मी. तेव्हा मी पंचविशीची होते. वीस ओळींचा चौकोन घेतला तर ठिपके दोन-तीन साध्या रेघांवर बसायचे, पाचशे ओळींचा घेतला की सुंदर अंडं व्हायचं. उस्ताद म्हणाले, "लहानपणी सगळेच सारखे दिसतात. माणूस आणि मॅट्रिक्स, मोठे झाल्यावरच खरे कळतात." आम्ही सगळे हसलो आणि मोठ्याचं खरं मानलं. आमच्या धंद्यातला माणूसच अशी चूक करू जाणे. बाकीचं जग छोट्या गोष्टीवर विश्वास ठेवतं, आम्ही अनंताकडे डोळे लावून बसतो.

त्यांच्या ऐंशीनिमित्त विद्यापीठात परिषद ठरली. शेवटचं व्याख्यान ते स्वतः देणार होते, याच वळणावर. त्याची तयारी करताना, निव्वळ स्वच्छतेखातर, मी चौकोन उलटवला, आडव्या ओळींच्या उभ्या केल्या. त्याने आयगेन व्हॅल्यू बदलत नाहीत, हे पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल. पडद्यावर अंडं आलं, पण वेगळं अंडं. म्हणजे दोन्हींपैकी एक तरी खोटं होतं. यंत्र प्रत्येक संख्येचे सोळा आकडे ठेवतं आणि पुढचे छाटतं. असल्या एका बाजूला झुकलेल्या मॅट्रिक्समध्ये ती छाटणी फुगून डोंगराएवढी होते. मी शंभर आकडे ठेवून पुन्हा चालवलं. पाचशे ओळी, आणि ठिपके मुकाट रेघांवर. वळण नव्हतंच. बावीस वर्षं आम्ही यंत्राच्या छाटणीची आरती ओवाळत होतो.

सांगायला गेले, पण जीभ रेटेना. पहिल्या दिवशी म्हटलं, आकडे जरा नाराज दिसतायत. नंतर म्हटलं, यंत्र थकलंय. मग, नवी आकृती उद्या आणते. खरी आकृती चिकटवून तयार होती, चार दिवस पिशवीत घेऊन फिरत होते. माझ्यातली भित्री बाई म्हणत होती, झाकली मूठ सव्वा लाखाची, परिषद होऊन जाऊ दे. मला तिची चीड येत होती आणि मी तिचंच ऐकत होते.

बाराव्या दिवशी माहरोख खानूमनी चहा आणि खजूर भरलेली कोलोम्पे बिस्किटं ठेवली. मी व्याख्यानाचं तिसरं पान वाचायला घेतलं.

"थांब," उस्ताद म्हणाले. "कोण मेलं?"

"म्हणजे?"

"पोरी, मीही केरमानचाच आहे. माझे वडील गेले तेव्हा पाच दिवस मला त्यांना ताप आहे म्हणून सांगत होते. आकडे नाराज काय, यंत्र थकलंय काय! ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. कोण मेलं?"

"वळण, उस्ताद."

मी पुठ्ठा त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांची बोटं लोकरीवरून निघाली, टोकाला पोचली आणि वळणाच्या शोधात कोऱ्या पुठ्ठ्यावर गेली. मग परत आली.

"बाकीचं कुठाय?"

"एवढंच आहे."

"उलटून पाहिलंस?"

"उलटलं म्हणूनच कळलं. मग शंभर आकड्यांनी केलं."

"आणि बावीस वर्षांपूर्वी का नाही उलटलंस?"

"फार सुंदर होतं हो ते. चूक माझी आहे, उस्ताद. चालवलं मीच."

"चालवलंस तू, भाळलो मी. चुकीवरून तआरुफ नको, आधी आपण, आधी आपण करत." ते चक्क हसले. माझ्या जिवात जीव आला. मग त्यांनी विचारलं, "कधी कळलं?"

"अकरा दिवस झाले."

हसू मावळलं. "परवा मी विचारलं, पाचशेची आकृती कशी आली. काय म्हणालीस?"

"छान आली म्हणाले."

"छान."

"आगा, चहा गार होतोय," माहरोख खानूम मध्ये पडल्या.

"होऊ दे." त्यांनी पुठ्ठा माझ्याकडे सरकवला. "वळण गेलं, जाऊ दे. मी चुकीचं बोललो असतो तर लोकांनी कान पकडला असता. पण मला दिसत नाही, पोरी. मी तुझ्या डोळ्यांनी बघत होतो."

मी रडले.

परिषदेत ते काठी टेकत उभे राहिले आणि दोन वाक्यांत वळण मोडीत काढलं. "ते यंत्राच्या छाटणीतून आलं होतं. सुंदर होतं म्हणून मी तपासलं नाही." यंत्र मी चालवलं होतं असं मी उठून सांगू लागले, तर त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेने हात वर करून मला बसवलं. सगळं सभागृह उभं राहिलं. माझे ते दोन विद्यार्थी सगळ्यात आधी.

परिषदेनंतरच्या शनिवारी मी नेहमीच्या वेळी त्यांच्या घरी गेले. खऱ्या रेघांवर नवं काम सुरू केलं होतं, लॅपटॉप उघडून सांगितलं, "इथे तीन फांद्या येतात, उस्ताद."

त्यांनी मान हलवली. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "माहरोख, जरा ये."

जन्मात गणिताची एक ओळ न वाचलेल्या माहरोख खानूम हात पुसत आल्या.

"पडद्यावर काय दिसतंय?"

त्या माझ्याकडे बघेनात. चष्मा लावून वाकल्या आणि बोटाने एकेक फांदी मोजली.

"तीनच आहेत," त्या हळूच म्हणाल्या. "खरं सांगतेय ती."

"बरं," उस्ताद म्हणाले, आणि मी पुढचं वाचायला घेतलं.