विमलाची चिमूट

माझी मूठ शाबूत आहे. विहिरीतून भरलेली बादली मी आजही एका दमात वर ओढतो, कुदळ धरतो, आणि वेळ आली तर कुणाच्या कानाखालीही वाजवीन. गेली आहे ती चिमूट. गेल्या दिवाळीला कोयता सटकला आणि उजव्या अंगठ्याच्या बुडाशी बसला. जखम भरली, पण आतली शीर तुटली ती तुटलीच. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी टेबलावर टाचणी ठेवली आणि म्हणाले, "उचला." मी ती टाचणी टेबलभर फिरवत बसलो. अंगठा पहिल्या बोटासमोर यायलाच तयार नाही. लग्नात रुसलेल्या मामासारखा बाजूला पडून असतो.

कुणी म्हणेल, एका चिमटीचं एवढं काय? तर पावस गावाच्या आसपास चाळीस वर्षं मी आंब्याची कलमं बांधतोय. कोवळ्या रोपाचा शेंडा छाटायचा, मधोमध चीर द्यायची, चांगल्या झाडाची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवायची आणि जोडावर प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळायची. सगळं दोन बोटांचं काम. मुठीला तिथं कुणी विचारत नाही. शंभरातली नव्वद माझी जगायची. लोक जोड बघून ओळखायचे, हे रावजीचं.

यंदा जूनच्या वादळात विहिरीजवळचा बापाचा आंबा आडवा झाला. रायवळच, कोयीपासून आलेला, त्यामुळे त्याच्यासारखा दुसरा कुठं नाही. बाप एरवी कधी गप्प बसायचा नाही, पण तो आंबा चोखताना बोलायचा नाही. झाड पडलं की काड्या दोन दिवसांत वाळतात. कामाच्या निघाल्या अकराच. त्या जगल्या तर आंबा राहिला, नाहीतर संपला.

"मी बांदते," माझी बायको विमला म्हणाली. "तुमी सांगा, तशी बांदते."

मी हसलो. तिनं जन्मात कलम बांधलं नव्हतं. मी बांधायचो तेव्हा ती शेजारी बसून अबोलीच्या वेण्या करायची, एवढाच तिचा संबंध. शेवटी सहा कलमं तिला दिली आणि पाच हट्टानं मी घेतली. पट्टीचं एक टोक दातात, दुसरं मुठीत, अशी खेचून बांधली. माझी पाच रोपांच्या मांडवात डाव्या बाजूला ठेवली, तिची सहा उजव्या.

तीन आठवड्यांनी माझ्या पाचही काड्या काळ्या पडल्या. तिच्या सहातल्या चार फुटल्या. तांबूस, चकचकीत पालवी, बघवत नव्हती. माझा नुसता जळफळाट झाला. तिनं तोरा मिरवला असता तर भांडता तरी आलं असतं. ती आपली रोपांना पाणी घालत राहिली.

"माजी कशी गेली गो?" मीच विचारलं.

"लय आवळलाव तुमी," ती म्हणाली. "वेणी अशी आवळली तर फुलंसुद्दा मरतात."

चाळीस वर्षं कलमं बांधलेल्या माणसाला ही वेणी शिकवते! त्या दिवसापासून मला घरात तिची बोटंच दिसायला लागली. तांदळातला खडा, आमटीतलं मीठ, सुईतला दोरा. सकाळी ती माझ्या सदऱ्याची बटणं लावायची तेव्हा मी कौलं मोजत उभा राहायचो.

तशात माझा चुलतभाऊ गंगाराम आला. मांडवात वाकून त्यानं ती फुटलेली चार कलमं पाहिली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "रावजीदादा, हात गेला नाय हां तुजा अजून! एक कलम माज्यासाठी ठेव. रविवारी येतो."

खरं सांगायचं सोडून मी त्याला बसायला सांगितलं. विमला चहा घेऊन दारात उभी होती. तिनं ऐकलं, कप ठेवले आणि आत गेली.

मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. नाव माझं आणि हात तिचा, असं हे चार आंबे माझ्या डोळ्यांसमोर वाढणार होते. दुसऱ्या दिवशी दुपारी विमला आडवी झाली आहे असं बघून मी मांडवात गेलो. एका कलमाची फूट खुडायची, असं मी ठरवलं होतं. सहात तीन म्हणजे निम्मी, आणि निम्मी कुणाचीही जगतात. बापाचा आंबा आहे हे मला कळत होतं. कळूनही गेलो.

मुठीनं उपटलं असतं तर लगेच कळलं असतं. किड्यानं खाल्ल्यासारखा शेंडा अलगद खुडायला हवा होता. सवयीनं उजवाच हात पुढं गेला. अंगठा येईना. शेंडा बोटांतून निसटायचा आणि पुन्हा सरळ उभा राहायचा. तीनदा झालं. चौथ्यांदा मागून आवाज आला, "काय करताव?"

"खालची फूट काढतोय," मी म्हणालो.

जोडाच्या खाली मूळ रोपाला फूट आली तर ती खुडावीच लागते, नाहीतर वरची काडी उपाशी मरते. पण या रोपाला खाली काहीच नव्हतं. विमला उकिडवी बसली. तिनं जोडाखालचं खोड नीट पाहिलं, मग माझ्या बोटांना लागलेला चीक पाहिला. वरची तांबूस फूट तिनं अंगठा आणि पहिल्या बोटात धरली.

"हीच काय? तुमाला जमत नाय तर मी खुडते. सांगा."

पानाला सुरकुतीसुद्धा पडली नव्हती, इतकं हलकं धरलं होतं. माझा हात धड होता तेव्हाही मी इतकं हलकं कधी धरलं नसेल. हे मला तेव्हाच दिसावं, आणि त्याचाही हेवा वाटावा! ती माझ्याकडे बघत होती. हो म्हटलं असतं तर तिनं खुडली असती, ही बाई तशी आहे. मला आंबा चोखणारा बाप आठवला.

"सोड," मी म्हणालो.

तिनं सोडली. उठून हात पदराला पुसला. माझ्या सदऱ्याचं वरचं बटण सुटलं होतं, ते लावलं.

"गंगारामभावजींना यातलं एक द्या," ती म्हणाली. "कुणी विचारलंच तर हात तुमचाच म्हणून सांगा. मी काय बोलायची नाय."

आणि ती चहा टाकायला गेली. मी तिथंच उभा राहिलो. त्यापेक्षा तिनं ती फूट खुडली असती तर बरं झालं असतं.