तेरावा बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. हसू नका. सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात, दारापासून पहिला, तो मी. आठ वर्षं आजारी माणसांचं ओझं वाहतोय, आणि त्यातली बरीचशी मनातल्या मनात चरफडत काढली आहेत.

माझा सुतार मोठा चोखंदळ होता. आधी त्याने माझी पाठ सरळ केली होती. मग तो स्वतः माझ्यावर बसला, अर्धा तास हलला नाही, आणि उठून म्हणाला, "दुखणाऱ्या माणसाला हे टोचेल." पुन्हा रंधा हातात घेतला आणि पाठ जरा कलती केली. मला वाटलं, वस्तू देणारे सगळेच असे आधी बसून बघत असतील. लाकूडच मी, मला काय कळणार!

मला विकत घेतलं एका धर्मादाय प्रतिष्ठानाने. माणसं भली होती, हे आधीच सांगून टाकतो. वाईट माणसांवर चिडणं सोपं असतं, भल्या माणसांवर चिडताना जीव मेटाकुटीला येतो. त्यांनी आम्हा दोन भावांना दवाखान्याला दिलं आणि पाठीवर ठळक अक्षरांत प्रतिष्ठानाचं नाव रंगवलं. पहिल्याच दिवशी एक आजोबा ओल्या रंगाला टेकले आणि ते नाव सदऱ्यावर उलटं उमटवून घरी घेऊन गेले. पण तोवर जमिनीवर उकिडवी बसणारी माणसं आम्हाला दुवा द्यायची, तेव्हा मला खरंच बरं वाटायचं.

वर्षाने प्रतिष्ठानाचा एक कागद आला. दिलेल्या वस्तूंचा वापर होतो का, असं त्यात विचारलं होतं. कंपाउंडरने मान वर करून पाहिलं. आम्ही खच्चून भरलेलो. त्याने प्रामाणिकपणे लिहिलं, 'बाक सतत भरलेले असतात.' झालं! तिकडे सगळे खूश, आणि आणखी दोन बाक हजर. पुढच्या वर्षी तोच कागद, तेच उत्तर, पुन्हा दोन. असं करत करत आम्ही बारा झालो.

बाक भरलेले का असतात, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही. डॉक्टर एक, सिस्टर एक, दवाखाना दहा ते एक. माणसं आत जातच नव्हती, तर बाक रिकामे होणार कसे? आजार रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, ते हेच. मला दोन हात आहेत, पण मारून घ्यायला कपाळ नाही.

माझ्या डाव्या टोकाला इस्त्रीवाली बसायची. निखारा पडून तिच्या पायाला, बोटांपाशी जखम झाली होती, आणि अंगात साखर असल्याने ती भरत नव्हती. रोज पट्टी बदलायला हवी, नाहीतर पाय जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण लोकांना कपडे सकाळीच हवे असतात. सगळ्या घड्या पोचवून ती लंगडत यायची तेव्हा बारा वाजलेले असायचे आणि पुढे तीस माणसं. एक वाजता सिस्टर दारात येऊन हात जोडायची. इस्त्रीवाली चप्पल सरकवून निघून जायची. आठवड्यातून एखाद्या दिवशी नंबर लागला तर लागला. तीन महिने हेच. पट्टीला वास येऊ लागला तशी ती पाय माझ्याखाली लपवून बसू लागली. मला बोलता येत नाही, मी नुसता कुरकुरायचो. कंपाउंडर म्हणायचा, या बाकाचे खिळे ढिले झालेत.

मग एकदा प्रतिष्ठानाच्या थोरल्या बाई आल्या, तेरावा बाक कुठे मावेल ते टेपने मोजायला. गुडघे दुखत होते म्हणून माझ्यावर टेकल्या. प्रतिष्ठानाचं माणूस माझ्यावर बसण्याची ती पहिलीच वेळ. कंपाउंडरने मान वर न करता त्यांच्या हातात नंबराचा बिल्ला ठेवला. बाईंना गंमत वाटली. अर्धा तास वाटत राहिली, मग त्या घड्याळ बघू लागल्या. बारा वाजता इस्त्रीवाली येऊन शेजारी बसली. बाईंनी तिला आपुलकीने विचारलं, की बाकावर आणखी काही हवं का, उशी वगैरे.

इस्त्रीवालीने पाय बाहेर काढला. तो पाहून बाईंच्या हातातली टेप खाली पडली.

"बाक चांगला आहे हो बाई," ती म्हणाली. "पण मी इथं बसायला येत नाही."

बाईंनी टेप उचलून पिशवीत टाकली. मग म्हणाल्या, "तुम्हाला यायला कधी जमेल?"

"संध्याकाळी. इस्त्री विझली की."

सहा वर्षं, बारा बाक, आणि हा प्रश्न विचारायला एक मिनिटही लागलं नाही! त्या दिवशी मी इतका करकरलो की कंपाउंडर खरंच हातोडी घेऊन आला.

बाईंनी तिला तशीच गाडीत घालून मोठ्या रुग्णालयात नेलं. पाय वाचला. दोन बोटं मात्र काढावी लागली.

तेरावा बाक आला नाही. त्याऐवजी प्रतिष्ठानाने दुसऱ्या सिस्टरचा पगार उचलला, आणि परवानगीच्या कागदांनी दोन महिने सगळ्यांचा अंत पाहिल्यावर दवाखाना संध्याकाळीही उघडू लागला. आता स्वयंपाकिणी, रखवालदार, शिवणकाम करणाऱ्या बायका काम आटोपून येतात आणि पाच-दहा मिनिटांत आत जातात. यंदाचा कागद आला तेव्हा कंपाउंडर पेन चावत बसला. बाक रिकामे असतात असं लिहिलं तर बरं दिसेल का, ही त्याला चिंता. नवी सिस्टर म्हणाली, "तेच लिहा."

इस्त्रीवाली अजून साखर तपासायला येते. सँडलचा पट्टा बांधण्यापुरती माझ्यावर टेकते, तेव्हा त्या दोन बोटांची मोकळी जागा मला दिसते आणि माझा राग पुन्हा वर येतो. कोणी वेळेवर विचारलं असतं तर ती बोटं आज तिथे असती.

मित्रांनो, मोठे झालात की तुम्हीही कोणाला काही द्याल. जरूर द्या. पण आधी माझ्या सुतारासारखे अर्धा तास येऊन बसा आणि शेजारच्याला विचारा. माझं डावं टोक हल्ली मोकळंच असतं.