न उतरणारी हळद

या मायबाप, असे पुढं सरका. टाळ घटकाभर मांडीवर ठेवा. आज पुराणातली नव्हे, आपल्याच सोलापुरातल्या एका बाईची गोष्ट सांगतो.

केराबाई कापडगिरणीत सुताच्या कांड्या भरायची. पोटी मूल नव्हतं. मेलेल्या बहिणीची गोजा तिनंच वाढवली. चाळीत कुणाची कंबर धरो, पोट दुखो, केराबाईचा काढा ठरलेला. गोजाचं लग्न ठरलं, तसा अंगावर तेज यावं म्हणून माळावरच्या मुळीचा काढा रोज वाटीभर.

"मावशे, नवरा बघायच्या आदीच मारतीस का काय!" तोंड वाकडं करून गोजा प्यायची.

लग्नानंतर हळद उतरवायला बायका जमल्या. पीठ चोळलं, पाणी ओतलं. हळद जाईना.

"लई चढलीया की गं!" शेजारची मायाक्का म्हणाली. "नवऱ्याची माया हाय, अशी सुटायची न्हाय."

"मळमळतंय, मावशे," गोजा भिंतीला टेकली.

"लगीच?" बायका खो खो हसल्या.

केराबाईही हसली. पोरीच्या डोळ्यात पीठ गेलं असेल म्हणून तिनं पदराच्या टोकानं पापणी उचलली. बुबुळाभोवतीचं सगळं पांढरं पिवळंजर्द झालं होतं.

डोळ्यांना कोण हळद लावतं?

टांग्यात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. "यकृत सुजलंय. काय पाजलं होतं हिला?"

सासरची माणसं भोवती उभी. गोजानं पडल्यापडल्या मान हलवली. "काय बी न्हाय."

मावशीला झाकत होती पोर!

"खोटं बोलतीया ती," केराबाई म्हणाली. "मी पाजलं. म्हैनाभर, ह्याच हातानं. पर सायेब, देवानं दिलेली मुळी ती..."

"धोत्राही देवानंच दिलाय, बाई."

सहाव्या दिवशी गोजा गेली.

तेराव्यानंतर केराबाई मायाक्काच्या दारात उभी राहिली. "माजा काढा वतून टाक. माज्या हातानं माजी पोर गेली." मग पुढचं दार. मग त्याच्या पुढचं. बावीस दारं, प्रत्येक दारात तेच बोल. कुणी शिव्या घातल्या, कुणी कडी लावली. बंद दाराबाहेर उभं राहूनही ती तेवढं बोलायची, आणि मगच पुढं सरकायची.

मायबाप, गोजासाठी तुमचे डोळे भरलेच आहेत. पण घरी जाऊन देवापुढं हात जोडाल, तेव्हा केराबाईचंही नाव घ्या. तिचं नाव घ्यायला मागं कुणीच उरलं नाही.