मोकळीक

२०१८ साली, मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, चंपाने शेजारच्या आंबेवाल्यांकडून पेट्या तोलायचा काटा मागून आणला. त्याच्या आकड्याला बॅग अडकवून तिने ती दोन्ही हातांनी उचलून धरली. सव्वीस किलो. विमानात तेवीसच चालणार होते. तिने आमसुलांची पुडी बाहेर काढली, हातात तोलून पाहिली आणि परत आत ठेवली. मग दोन सुती साड्या काढल्या.

तिचा थोरला भाऊ काशीराम खाटेवरून हे पाहत होता. तो उठला, साड्यांच्या घड्या नीट करून त्या कपाटात ठेवल्या. मग परत आला, बॅगेतली आमसुलं उचलली आणि स्वयंपाकघरातल्या बरणीत ओतून आला.

"दादा, ती न्यायची आहेत," चंपा म्हणाली.

"कुठे गो?"

"मलावीला. आफ्रिकेत. तिथल्या इस्पितळात सेवेला जातेय ना मी, तीन वर्षं."

"हां हां. बोलली होतीस."

सकाळपासून हे चौथ्यांदा बोलून झालं होतं. चंपाने बरणीतली आमसुलं पुन्हा पुडीत भरली.

ती एकोणसाठ वर्षांची होती. रत्नागिरीतल्या एका ख्रिस्ती दवाखान्यात तिने चौतीस वर्षं नर्स म्हणून काढली होती. लग्न केलं नव्हतं. अकरा वर्षांची असताना, रविवारच्या शाळेत भिंतीवरच्या नकाशात आफ्रिकेतलं एक लांबट निळं तळं तिने बोटाने शोधून काढलं होतं, आणि तेव्हापासून तिला तिथे जायचं होतं. दोनदा मिशनकडून तिचं नाव निघालं. पहिल्या वेळी वडील अंथरुणाला खिळले, दुसऱ्या वेळी आई. दोन्ही वेळा तिने कोणाला काही बोलून दाखवलं नाही; नकाशा मात्र दवाखान्यातल्या खोलीत लावून ठेवला. आता निवृत्त झाल्यावर तिसऱ्यांदा पत्र आलं होतं. त्यासोबतच्या अर्जात एक रकाना होता : आपल्यावर अवलंबून असलेल्या व्यक्ती. तिथे पेन बराच वेळ थांबलं. मग तिने लिहिलं, कोणी नाही.

काशीराम विधुर होता. त्याला त्याची मुलगी योगिनी खेडला नेणार, असं ठरलं होतं. त्याचं विसरणं वयाचं आहे, असं चंपाने सगळ्यांना सांगितलं होतं. ती नर्स होती, त्यामुळे कोणी पुढे विचारलं नाही.

मलावीतली भाषा ती वहीत लिहून पाठ करत असे. माद्झी म्हणजे पाणी. झिकोमो म्हणजे आभारी आहे. पेपानी म्हणजे माफ करा, आणि दुसऱ्याला दुखलंखुपलं तरी पेपानीच. चूल पुसताना ती पुटपुटायची आणि काशीराम खाटेवरून तिच्या मागोमाग म्हणायचा. हे शब्द त्याच्या लक्षात राहत होते.

त्यांच्या चर्चच्या लहानशा मंडळीत एक जुनी रीत होती. कोणी दूरदेशी सेवेला निघालं, की घरातल्या वडीलधाऱ्याने वेदीपुढे उभं राहून त्याला मोकळीक द्यायची. जाणाऱ्याचा हात पाळकाच्या हातात द्यायचा आणि म्हणायचं, "ही आमच्या घरातली. आज आम्ही हिला मोकळी केली. हिच्या वाटेकडे आम्ही डोळे लावून बसणार नाही." मग जाणारीने म्हणायचं, "जाते." एवढा एकच शब्द. एरवी बाजारात निघालेली बाईसुद्धा "येते" म्हणून उंबरा ओलांडते. "जाते" म्हटलं की घरातली म्हातारी माणसं कानांवर हात ठेवतात. पण इथे "जाते"च म्हणायचं, कारण मन मागे ठेवायचं नाही. नंतर ते नाव मंडळीच्या पुस्तकात चढायचं. वर्षातून एकदा, नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी, पाठवलेल्या सर्वांची नावं वाचून त्यांच्यासाठी प्रार्थना व्हायची. मेल्याची बातमी येईपर्यंत पुस्तकातलं नाव खोडायचं नाही, असा दंडक होता.

"सोडचिठ्ठीच गो ही," गंगामावशी म्हणायची. तिने उभ्या आयुष्यात गावोगावी फिरून बायबल वाचून दाखवलं होतं आणि आता तिला दिसत नव्हतं. "फक्त वकिलाच्या जागी पाळक. आणि नवरा नाही तो नाहीच."

मोकळिकीची ती तीन वाक्यं काशीरामला कशी आठवणार, हीच चंपाची काळजी होती. आठवडाभर रोज जेवताना तिने ती त्याच्याकडून म्हणवून घेतली. तो दुसऱ्या वाक्यावर अडायचा. "मोकळी," ती घास हातात धरून सुचवायची. "आज आम्ही हिला मोकळी केली."

रविवारी त्याला इस्त्रीचा सदरा घालून तिने पहिल्या बाकावर बसवलं. अमरदीप पाळकांनी नाव घेतल्यावर तो उठला. चंपाचा हात धरला. त्याचा पंजा कोरडा आणि गरम होता. त्याने तिन्ही वाक्यं न अडखळता म्हटली, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशी. गंगामावशीने पदर डोळ्यांना लावला.

"जाते," चंपा म्हणाली.

घरी परतताना ती त्याच्या शेजारी चालत होती. चढावर तिने सवयीने त्याचं कोपर धरलं, तसा तो थांबला आणि अदबीने हात सोडवून घेतला.

"बाई, तुम्ही मंडळीतल्याच काय?"

चंपाला वाटलं, थट्टा करतोय.

"माझी बहीण आज गेली," तो म्हणाला. "आफ्रिकेला. तुम्ही होतात ना आत? मीच मोकळी केली तिला."

त्या दिवशी तिने त्याला जेवायला वाढलं. त्याने "झिकोमो" म्हणून ताट पुढे ओढलं. दुसऱ्या दिवशी ती दादा म्हणाली तेव्हा त्याने मान वर केली, पण नजरेत ओळख नव्हती. फक्त कामाच्या बाईविषयी असते तशी सभ्यता होती. तिसऱ्या दिवशी तिने लहानपणीची खूण म्हणून डाव्या कोपरावरचा भाजल्याचा डाग दाखवला. त्याने तो जवळून पाहिला.

"पेपानी," तो म्हणाला.

विमानाला पाच दिवस उरले असताना योगिनी खेडहून त्याला न्यायला आली. तिने त्याची औषधं पिशवीत भरली, चपला पुढे ठेवल्या. तो खाटेवरून हलला नाही.

"बाबा, चला. गाडी थांबलीय."

"मला नाही येता येणार. चंपीचं पत्र येईल."

"ते खेडला मागवू आपण."

"तिला हाच पत्ता ठाऊक." तो समजुतीने बोलत होता, लहान मुलीशी बोलावं तसं. "मी वाट बघत नाही हो तिची. तसं बोललोय देवळात. पण पत्र आलं तर घ्यायला घरात माणूस नको?"

योगिनीने त्याचा दंड धरला तेव्हा त्याने दोन्ही हातांनी खाटेचा पाय पकडला. योगिनी रडायला लागली. "आत्या, तू सांग ना त्यांना," ती म्हणाली.

चंपा दारात उभी होती. ती आतल्या खोलीत गेली. बॅग उघडून आमसुलांची पुडी काढली, स्वयंपाकघरात जाऊन बरणीत रिकामी केली आणि झाकण घट्ट लावलं. मग आंबेवाल्यांचा काटा परत द्यायला गेली.

काशीराम त्यानंतर तीन वर्षं जगला. दर महिन्याला चंपा एक पत्र लिहून दाराखालून सरकवायची आणि मग स्वतःच उचलून त्याला वाचून दाखवायची. तिकडे तळं आहे, समुद्राएवढं, पण पाणी खारं नाही, असं ती लिहायची. "बाई, तेवढं परत वाचा," तो म्हणायचा. येणाऱ्याजाणाऱ्याला तो सांगायचा की बहिणीचं तिकडे बरं चाललंय. तिने आता परत यायची घाई करू नये. २०२१च्या जुलैत, जगबुडी नदीचं पाणी खेडच्या बाजारात शिरलं त्या आठवड्यात, त्याने "माद्झी" मागितलं, दोन चमचे घेतलं आणि गेला. रस्ते बंद होते. योगिनी मातीला पोचू शकली नाही. ते तिच्या मनातून अजून जात नाही. गंगामावशी त्याच वर्षी नाताळच्या आधी वारली. अमरदीप पाळकांची बदली नगरकडे झाली. चंपाने मिशनला पुन्हा पत्र लिहिलं. साठीच्या पुढच्यांना आता पाठवत नाहीत, असं दोन ओळींचं उत्तर आलं.

नवे पाळक तरुण आहेत, मराठवाड्यातले. त्यांना इथलं जुनं काही ठाऊक नाही. जानेवारीच्या पहिल्या रविवारी ते पुस्तक उघडून नावं वाचतात. एकेक नाव, एकेक देश, आणि मध्ये थोडं थांबणं. चंपाचं नाव शेवटून दुसरं आहे. परक्या देशात एकटीने राबणाऱ्या या भगिनीला प्रभूने सांभाळावं, असं ते म्हणतात.

तिसऱ्या बाकावर बसलेली चंपा इतरांबरोबर मान खाली घालते आणि आमेन म्हणते.