कुलपात ठेवलेली राखणदार

मित्रांनो, मी एक जुनी फ्लॉपी आहे आणि मी कुलपात आहे. काळ्या पातळ पाकिटात बसवलेली गोल चकती, एवढेच माझे रूप. पण मला साधी समजू नका. कॉम्प्युटरमध्ये शिरलेला व्हायरस शोधणे हे माझे काम. व्हायरस म्हणजे कुणीतरी मुद्दाम लिहिलेला घातकी प्रोग्राम. तो एका फ्लॉपीतून दुसरीकडे गुपचूप शिरतो आणि साठवलेले सगळे पुसून टाकतो.

१९९३ साली मी पुण्याहून नगरला आले, सूर्यभानशेठच्या औषधांच्या एजन्सीत. कोणते औषध कोणत्या दुकानात गेले, हे सगळे तिथल्या कॉम्प्युटरमध्ये असायचे. तो चालवायची जयमाला. भिंगारहून सायकलवर येणारी, घरातली पहिली पगारदार. आई विमलबाईंचे औषधपाणी आणि धाकट्या सम्राटची शाळा तिच्याच पगारावर चाले. रोज सकाळी ती आधी मला लावायची, मग कामाला बसायची. एकदा मी व्हायरस पकडला, तेव्हा शेठनी पेढे वाटले. केवढे कौतुक झाले माझे! तेच माझ्या मुळावर आले.

दसऱ्याला शेठनी माझ्यावर हळदकुंकू वाहिले. "एवढी गुणाची वस्तू रोज रोज घासायची न्हाई," म्हणाले आणि मला कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली. व्हायरस येऊ नये म्हणून सगळ्यांना चपला बाहेर काढायला लावल्या. दाराला लिंबू-मिरची बांधली. फ्लॉपी मात्र कुणाचीही आत जायची.

दिवाळीला सोनईहून शेठचे जावई गोरक्षनाथराव आले. त्यांनी क्रिकेटच्या खेळाची फ्लॉपी आणली होती.

"शेठ, आधी तपासू द्या. किल्ली द्या ना," जयमाला म्हणाली.

"जावयाची फ्लॉपी तपासायची? अगं, त्यांना काय वाटंल? लाव गुमान!"

मी कपाटात तडफडले. पण फ्लॉपीला कुठला आवाज?

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर सुरू केला, तर सगळ्या नोंदी पुसलेल्या. तेव्हा कुठे किल्ली फिरली. जयमालाने मला लावले. मी जीव तोडून फिरले, पण माझ्या चकतीवर कुंकू गेले होते. मशीन नुसते करकरले. मला काहीही करता आले नाही.

"तूच कायतरी दाबलं असशील," शेठ म्हणाले. जावयाचे नाव घेणार कोण?

"मी किल्ली मागितली होती, शेठ," जयमाला एवढेच म्हणाली. त्याच दिवशी तिची नोकरी गेली. दारात चपला घालायला ती वाकली, तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. मला ते अजून विसरता येत नाही.

पूजेची वस्तू टाकवत नाही, म्हणून मी पुन्हा कपाटात आले. आता माझ्या शेजारी एक नवी फ्लॉपी आहे. चांगली, कोरी करकरीत, माझ्यासारखीच राखणदार. तिला अजून कुंकू लागलेले नाही. जयमालाच्या जागी पूजा नावाची मुलगी आली आहे.

बाहेर आत्ता गोरक्षनाथरावांचे हसणे ऐकू येते आहे. या वेळी त्यांनी नवा खेळ आणलाय म्हणे.

"शेठ, तपासून घेऊ का?" पूजाने हळूच विचारले. शेठ जावयाशीच बोलत राहिले.

मित्रांनो, राखणदार ओवाळण्यासाठी नसतो, कामाला लावण्यासाठी असतो. तुमच्यापैकी कुणी तिथे जवळ असाल, तर त्या पोरीला एवढे सांगा, पुन्हा विचार. मोठ्याने विचार. किल्ली शेठच्या कमरेलाच आहे.