सोळा जूनचा गणवेश

सोळा जूनला आमच्याकडे तिशी-चाळिशीची माणसं शाळेचा गणवेश चढवून दारू प्यायला जातात. पूर्वी आम्ही कबरस्तानात जायचो. शहात्तर साली याच दिवशी गोऱ्या सरकारच्या पोलिसांनी मोर्चातल्या शाळकरी पोरांवर गोळ्या झाडल्या, त्यात माझा भाऊ लेफा गेला. पंधरा वर्षांचा होता. आता या दिवशी सरकारी सुट्टी असते, आणि सुट्टी म्हणजे पार्टी.

आई चौऱ्याऐंशीची. तिला काही आठवत नाही, पण जून लागला की एकच धोशा, "केदी, मला लेफाकडे ने." पुढच्या वर्षी तिला नेता येणार नाही, हे मला दिसत होतं. आमच्याकडे जून म्हणजे हिवाळा, म्हणून भर थंडीत घोंगडीत गुंडाळून तिला स्टँडवर आणलं. आमची टॅक्सी म्हणजे मिनीबस, सोळा माणसं भरल्याशिवाय हलत नाही. तासाभराने सहा गणवेशवाले खिदळत चढले आणि त्यांतला एक, चांगला पोट सुटलेला, आईशेजारी टेकला.

आईने त्याचा हात घट्ट धरला. "लेफा, आज शाळेत जायचं नाही."

"तुमेलो, आजीनं पकडलं रे तुला!" मागून कोणीतरी ओरडलं.

"नाही जात आजी, आज दांडी," तुमेलो हसत म्हणाला.

माझं डोकं फिरलं. "तिचा पोरगा आजच्याच दिवशी गेला. दात काय काढताय?"

तुमेलो वरमला. मग हात सोडवायला त्याला जमेना.

कबरस्तानाशी टॅक्सी थांबली. "आई, चल, लेफाकडे आलो."

"वेड लागलंय का तुला? लेफा हा काय बसलाय! जित्या पोराला कबरस्तानात नेतेस?"

ड्रायव्हर वैतागला, "मावशी, उतरताय की जाऊ?"

मी हरले. "जा," म्हटलं.

पुढे बारपाशी ते सगळे उतरले. तुमेलोने तिचं एकेक बोट हळूच सोडवलं. "येतो हं, आई," एवढं बोलून तो गेला. आई काचेवर थपडा मारत हाका मारत राहिली. त्याने मागे पाहिलं नाही. मला त्याचा राग आला आणि त्याचं काय चुकलं तेही कळेना.

शहात्तरच्या त्या सकाळी आई अंधारातच मालकिणीकडे कामाला गेली होती. लेफाला अडवायला घरात मोठं कोणी नव्हतं.

टॅक्सी सुटली तशी आई माझ्याकडे वळली. "केदी, आज तर मी घरीच होते ना गं? मग कसा गेला?"